पहिल्या पायरीवरचा मांगूर

चंद्रपूरच्या रसायन परीक्षण उपकेंद्रात शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन पायऱ्यांचा जिना दिसायचा. खरा नव्हे, ऑइलपेंटनं काढलेला. पहिल्या पायरीवर काचेची टाकी आणि टाकीत हसणारा मासा. दुसऱ्या पायरीवर झिंगे, शेवाळ आणि माशांची अंडी. तिसऱ्या पायरीवर निळाशार तलाव, काठाला एक बगळा. जिन्याखाली ठळक अक्षरांत नियम होता : 'खालच्या पायरीवर धोका दिसला, तरच वरच्या पायरीवर पाऊल ठेवावे.'

नियम वाईट नव्हता. ज्यानं कुणी केला त्यानं डोकं लावून केला होता. बाजारात नवं औषध यायचं म्हटलं की आधी चार दिवसांची, सोपी परीक्षा घ्यायची : टाकीत दहा मासे सोडायचे, पाण्यात औषध टाकायचं आणि किती मरतात ते बघायचं. शंका आली तर दुसरी परीक्षा, नाजूक जिवांवर. तरीही शंका उरली तर खऱ्या तलावावर जाऊन बघायचं. प्रत्येक औषध तलावापर्यंत नेत बसलं तर सरकारला दुसरं कामच उरलं नसतं. पण नियम करणाऱ्याला एक गोष्ट सुचली नाही. कुणी पहिल्याच पायरीवर बैठक मारून बसला तर काय करायचं, हे त्यानं कुठंच लिहून ठेवलं नव्हतं.

डॉ. सबनीस साहेबांनी नेमकी तीच बैठक मारली होती. चार वर्षांत त्यांच्या केंद्रातून एकही औषध दुसऱ्या पायरीवर चढलं नाही. चढणार कसं? दुसऱ्या पायरीच्या खोलीत मोडक्या खुर्च्या होत्या आणि पावसाळ्यात साहेबांची स्कूटर. तिसऱ्या पायरीसाठी मिळालेली जीप विटांवर उभी होती, तिची चाकं कुठल्या तरी दुसऱ्या सरकारी खात्याच्या जीपखाली फिरत होती. तरी वरून केंद्राला शाबासकीची पत्रं येत. एवढं झटपट काम विदर्भात दुसरीकडं कुठं होत नाही म्हणे.

या झटपट कामाचा खरा धनी होता गुलाब निमगडे. कागदावर तो 'प्रयोगशाळा परिचर, तात्पुरता'. तात्पुरता होऊन त्याला सात वर्षं झाली होती. बी.एस्सी. पास माणूस, पण कामं काय, तर टाक्या घासायच्या, साहेबांचा चहा आणायचा आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मासे आणायचे. बायको रुखमा दर महिन्याला एकदा विचारायची, "कायम कवा होता?" आणि गुलाब दर महिन्याला म्हणायचा, "कागद गेला हाय." कागद कुठं गेला, हे त्यालाही माहीत नव्हतं.

सुरुवातीला तो पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रोहूची बोटाएवढी पिल्लं आणायचा. एस.टी.च्या टपावर डबा, डब्यात पाणी, पाण्यात पिल्लं. वाटेतलं मूल गाव पार करेपर्यंत निम्मी पोटं वर करायची. उरलेली टाकीत गेल्यावर औषध पडायच्या आधीच जायची. साहेबांनी त्याला मेमो दिला : 'औषधाआधी मासे मरत असल्याने औषधाने मासे मरतात काय हे समजण्यास मार्ग राहत नाही.' एकदा मात्र पिल्लं धडधाकट पोचली आणि औषध पडल्यावर तासाभरात दहाच्या दहा मेली. म्हणजे आता दुसरी पायरी आली, खुर्च्या काढणं आलं, स्कूटर काढणं आलं. साहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी शेरा मारला : 'मासे मुळात अशक्त.' गुलाबला दुसरा मेमो मिळाला. तिसऱ्या मेमोत साफ लिहिलं होतं की यापुढे मासे टिकले नाहीत तर परिचरही टिकणार नाही.

तो कागद खिशात घेऊन गुलाब मोहबोडीला गेला. मोहबोडी हे मूलच्या पुढचं, सावली गावाकडचं धानपट्ट्यातलं गाव. तिथं त्याची थोरली बहीण वच्छला दिलेली होती. नवरा गेल्यापासून ती दीड एकर धान आणि गावची बोडी यांच्यावर घर चालवायची. बोडी म्हणजे गावचा छोटा तलाव. वच्छला टोपली घेऊन त्यात उतरायची, झिंगे काढायची, वाळवायची आणि सावलीच्या बाजारात विकायची. गावची एक रीत होती. पौष सरून बोडीचं पाणी उतरलं की सारा गाव एका दिवशी पाण्यात उतरे, आणि त्या दिवशीची बायांची पहिली टोपली त्यांच्या माहेरी जाई. वच्छलाचं माहेर म्हणजे आता एकटा गुलाब. झिंग्यांची ती टोपली आली की रुखमा झिंगे-वांग्याची भाजी करी आणि आठ दिवस घराला तो वास येत राही.

वच्छलाच्या शेजारी नीलाबाई राहायची, जातीची ढिवर, पाण्यात जन्म काढलेली. गुलाबचा पडलेला चेहरा बघून तिनं विचारलं, "काय झालं रे भाऊ?"

"मासे मरून राह्यले बाई. चंद्रपूरले पोचतच नाई."

"कोन्ता मासा नेतं?"

"रोहूचं पिल्लू."

नीलाबाई खो खो हसली. "ते लाडाचं लेकरू हाय. त्याले पानी बी पसंतीचं लागते. मांगूर ने ना!" तिनं ओल्या पोत्यात हात घातला आणि मिशाळ, काळा, हाताला निसटणारा एक मासा वर काढला. "हा पाह्य. उन्हाळा चिखलात काढते. पानी नाई आवडलं त वर येऊन हवा खाते. लईच नाई आवडलं त बाहीर निंगून चालत जाते दुसऱ्या बोडीत. याले मारा लागते, हा मरत नाई."

गुलाबनं ऐकलं. नीट ऐकलं. बी.एस्सी.ला होता, त्याला अर्थही कळला. पण तिसरा मेमो खिशात होता, म्हणून ऐकलेलं त्यानं कानाआड केलं आणि पोतं उचललं.

एस.टी.त एक मांगूर पोत्यातून निसटला आणि दोन बाकांच्या मधून सरपटत पार ड्रायव्हरपर्यंत गेला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं. गाडी हसली. चंद्रपूरला पोतं उघडलं तेव्हा सगळेच्या सगळे जिवंत. टाकीत औषध पडलं, चार दिवस झाले, मांगूर आपला वर येतो, तोंड काढतो, घोट घेतो, खाली जातो. दहा सोडले, दहा जिवंत. साहेबांनी गुलाबच्या पाठीवर थाप मारली आणि पहिल्यांदाच त्याला 'अहो निमगडे' म्हटलं.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. एकामागून एक सोळा औषधं आली आणि सोळाच्या सोळा पास झाली. एकदा एक मांगूर टाकीतून उडी मारून पळाला आणि दोन दिवसांनी कपाटामागच्या ओलीत जिवंत सापडला, तर साहेबांनी तोही 'जिवंत' मध्ये धरला. पुढं नवे फॉर्म छापायची वेळ आली तेव्हा त्यांनी 'मृत माशांची संख्या' हा रकानाच गाळून टाकला. कधी भरावा लागत नाही, उगाच कागद कशाला खर्ची घालायचा? आता फॉर्मवर एकच रकाना उरला : 'जिवंत माशांची संख्या'.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर सतरावं औषध आलं. नाव 'बांबूकवच'. तोडलेल्या बांबूला भुंगा लागू नये म्हणून खड्ड्यात हे औषध कालवायचं आणि त्यात बांबू बुडवून काढायचा. बाटली उघडली तर खोलीतल्या पाली बाहेर पडल्या. चार दिवस टाकीत मांगूर मात्र तोंड वर काढून घोट घेत राहिले. दहापैकी नऊ जिवंत. एक मेला होता, पण त्याला रकाना नव्हता.

सर्टिफिकेट टाइप करायला देताना गुलाबनं सोबतचा कागद सहज चाळला. औषध कुठं कुठं वापरायचं त्या बांबू डेपोंची यादी होती. पोंभुर्णा, अहेरी, आणखी चार गावं, आणि सातवं नाव मोहबोडी. गुलाबनं ते नाव पुन्हा वाचलं. मोहबोडीचा डेपो त्यानं शंभरदा पाहिला होता. तो उंचवट्यावर, आणि उताराच्या पायथ्याशी बोडी. मधे ना बांध, ना पाळ. डेपोत सांडलेलं पाणी बोडीत जायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

सोळा औषधं कुठं गेली, कुणाच्या पाण्यात उतरली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. सतराव्याला बहिणीच्या गावचं नाव दिसलं तेव्हा साहेबजाद्याला जाग आली. माणसाची जात अशीच असते. दुसऱ्याच्या दारची आग त्याला शेकायला बरी वाटते.

रविवारी तो मोहबोडीहून डबाभर जिवंत झिंगे आणि बारीक मासळी घेऊन आला. वच्छलाला सांगितलं, साहेबाला खायला पाहिजे. सोमवारी सकाळी त्यानं ते टाकीत सोडले आणि सतरा नंबर टाकला, मांगुरांच्या टाकीत टाकला होता तेवढाच. चहा आणायला गेला आणि परत आला तोवर झिंगे पांढरे पडून तळाशी बसले होते आणि बारीक मासळी वर आडवी तरंगत होती. चहा अजून गरम होता.

तो टाकी घेऊन साहेबांच्या टेबलापाशी गेला.

"हे काय?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"झिंगे आहेत साहेब. सतरा नंबर. अर्धा तासही टिकले नाहीत."

"झिंगे कितव्या पायरीवर असतात?"

"दुसऱ्या."

"पहिल्या पायरीवर धोका दिसला होता?"

"नाही साहेब."

"मग तू दुसऱ्या पायरीवर चढलास कुणाच्या परवानगीने? भिंतीवरचा नियम वाच. मोठ्याने."

गुलाबनं वाचला. वाचून झाल्यावर त्याला उगाच धीर आला आणि तो बोलून गेला, "साहेब, पण मांगूर मरतच नाही. तो वर येऊन हवा घेतो. पाण्यात काय पडलं त्याच्याशी त्याले... त्याला फारसं देणंघेणं नसतं. आपण सोळा औषधं त्याच्यावरच पास केली."

आता गडगडाट होईल म्हणून गुलाबनं मान खाली घातली. गडगडाट झाला नाही. साहेबांनी शांतपणे टाकी बाजूला सारली आणि रुमालानं टेबलावरचं पाणी पुसलं.

"निमगडे, मी डॉक्टरेट कशात केली माहीत आहे? माशांच्या श्वासोच्छ्वासात. सहा वर्षं. मांगूर हवा घेतो हे तू मला सांगतोस?"

 इतकी वर्षं गुलाब समजत होता की चोरी आपणच करतोय आणि साहेब बिचारा भोळा आहे.

"तुझं म्हणणं असेल तर लेखी दे," साहेब पुढं म्हणाले. "मी वर पाठवतो. लपवायचं काहीच नाही. मासे कोण आणत होतं, चार वर्षं कोण गप्प होतं, तेही त्यात येईलच. आणि हो, तुझा कायमचा कागद नागपूरला पोचलाय. दोन महिन्यांत सही होईल. पुढच्या सोमवारपर्यंत विचार कर. सर्टिफिकेट मंगळवारी जायचं आहे."

त्या संध्याकाळी गुलाबनं अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, तारीख घालून, झिंगे किती, मासळी किती, किती मिनिटांत मेली, मांगूर कसा हवा घेतो, सगळं. लिहिताना त्याला स्वतःविषयी फार चांगलं वाटलं. मग त्यानं घडी घालून अर्ज शर्टाच्या खिशात ठेवला. मंगळवारी सर्टिफिकेट गेलं. अर्ज खिशातच राहिला. शर्ट धुवायला पडला की तो अर्ज दुसऱ्या शर्टात जायचा, एवढी मात्र त्यानं काळजी घेतली. भित्र्या माणसाचं धाडस असंच असतं, ते घडी करून जवळ बाळगता येतं.

मार्गशीर्षात तो मोहबोडीला गेला. बहिणीला सावध करायचं असं ठरवूनच गेला होता. डेपोत निळे ड्रम येऊन पडले होते. वच्छला दारातच भेटली, चेहरा फुललेला.

"गुलाब, ये ना! हे औषध तुयंच हाय ना?"

तिनं त्याला आत नेलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीला एक छापील कागद भातानं चिकटवला होता. ड्रमवरची सर्टिफिकेटाची प्रत होती ती. खाली साहेबांची सही, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात 'परीक्षणात साहाय्य : गु. निमगडे'. वच्छला चौथी शिकलेली. तिनं त्या नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावून.

"गाववाले भेवून राह्यले होते," ती म्हणाली. "नीलाबाई म्हने, ड्रमाचा वास चांगला नाई, डेपोवाल्याले खड्डा खणू द्याचा नाई. सारे काठ्या घेऊन गेले होते. मीच आडवी झाली. म्हणलं, माह्या भावानं सोता तपासलं हाय, सरकारी कागदावर त्याचं नाव हाय. माहा भाऊ का आपल्याच बोडीत जहर टाकन का? तवा कुठी मानले."

खिशातला अर्ज गुलाबच्या छातीला टोचला. आता सांगायचं तर एवढंच सांगायला लागलं असतं की बाई, तू ज्याच्या भरवशावर गावाला अडवलंस तो तुझा भाऊ खोटारडा आहे. त्यानं तोंड उघडलं.

"बाई, त्या पान्याले जरा जपून."

"काऊन?"

"असंच. नवीन औषध हाय ना."

"तू तपासलं ना पण?"

"तपासलं," गुलाब म्हणाला. आणि ते खरंच होतं. तिनं वाढलेला भात त्यानं खाल्ला आणि संध्याकाळच्या गाडीनं चंद्रपूरला परत आला.

पौषात डेपोवाल्यांनी पहिला माल बुडवून काढला आणि खड्डा उताराला रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहबोडीची बोडी पांढरी होती. मोठी रोहू, बारीक मासळी, खेकडे, बेडूक, सगळं पोट वर करून काठाला लागलेलं, आणि पाण्याच्या कडेनं मेलेल्या झिंग्यांचा वीतभर रुंद पट्टा. गुरं पाण्याला तोंड लावीनात. गाव तहसीलदाराकडे गेला. तहसीलदारानं विचार केला की रसायनाचा मामला आहे, आपल्याला काय कळतं, आणि तक्रार जिथल्या तिथं, म्हणजे उपकेंद्राकडे, चौकशीसाठी पाठवली.

साहेब उसनी जीप घेऊन निघाले. गुलाबला बरोबर घेतलं. काठावर सारा गाव उभा होता, पण कुणी आरडाओरडा करत नव्हतं. वच्छला पदर नाकाला लावून एका बाजूला उभी होती. गुलाबकडे तिनं पाहिलंच नाही.

साहेबांनी बोडीवर नजर टाकली आणि क्षणभर त्यांचाही चेहरा उतरला. एवढ्यात पाण्यात बुडबुडा आला. एक मिशाळ काळं तोंड वर आलं, घोट घेऊन खाली गेलं. पलीकडे दुसरं. मग तिसरं.

"निमगडे!" साहेबांचा आवाज खुलला. "मोज!"

दहा मिनिटांत एकतीस तोंडं मोजून झाली. साहेबांनी फॉर्म काढला आणि 'जिवंत माशांची संख्या' या रकान्यात एकतीस लिहिलं. काठाला पडलेल्या ढिगासाठी रकाना नव्हता.

नीलाबाई पुढं आली. "साहेब, तो मांगूर हाय. तो जहरात बी जगते. बाकीचं पाहा ना. हे झिंगे पाहा. आमचं पोट होतं ते."

"बाई, तुमचं नुकसान झालं हे मला दिसतंय," साहेब मऊपणे म्हणाले, "पण शास्त्राला घाई करून चालत नाही. पायरीपायरीनं जावं लागतं."

इथं गुलाबचं डोकं सटकलं. सात वर्षांत पहिल्यांदाच सटकलं, आणि तेही उशिरा. त्यानं खिशातून अर्ज काढला आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचला. झिंगे किती होते, किती मिनिटांत मेले, मांगूर कसा हवा घेतो, आपल्याला हे पहिल्या दिवसापासून कसं माहीत होतं.  शेवटी त्यानं तारीख वाचली. कार्तिकातली तारीख ऐकून गावात कुजबूज झाली. वच्छलानं पदर तोंडावरून काढला. लोक मनात मोजत होते : कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. ड्रम आले त्याच्या आधीच हा कागद लिहिलेला होता.

गुलाबला वाटलं, आता साहेब आपल्याला इथंच काढून टाकतील. त्याला तेच हवं होतं. निदान एवढी तरी शिक्षा मिळावी.

साहेबांनी हात पुढं केला, अर्ज घेतला, शांतपणे दोनदा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"निमगडे," ते म्हणाले, "ही तर दुसरी पायरी आहे. तारीखवार, नोंदीसह. आणि ही," त्यांनी मेलेल्या बोडीकडे हात केला, "ही तिसरी. प्रत्यक्ष तलाव! अहो, महाराष्ट्रात तिन्ही पायऱ्या पूर्ण केल्यात कुणी?"

त्यांनी गावकऱ्यांचे अंगठे घेतले. उपस्थितांची नोंद म्हणून, असं सांगितलं. अहवाल पंधरा दिवसांत गेला, सुरेख टाइप केलेला. पहिली पायरी : धोका आढळला नाही. दुसरी पायरी : कर्मचारी श्री. निमगडे यांनी स्वयंस्फूर्तीने केलेल्या परीक्षणात झिंग्यांना काही प्रमाणात बाधा. तिसरी पायरी : मौजे मोहबोडी येथील तलावावर, ग्रामस्थांच्या सहकार्याने, एकतीस मासे जिवंत. निष्कर्ष : औषधाचा वापर योग्य ती काळजी घेऊन सुरू ठेवण्यास हरकत नसावी. शिफारस : मांगूर हा स्थानिक, काटक आणि प्रवासात टिकणारा मासा असल्याने राज्यातील सर्व केंद्रांनी परीक्षणासाठी तोच वापरावा. शिफारस मान्य झाली. साहेबांना नागपूरला बढतीवर बोलावलं गेलं. जायच्या आधी त्यांनी भिंतीवरच्या जिन्याला नवा रंग दिला, आणि पहिल्या पायरीवरच्या हसऱ्या माशाला मिशा काढल्या.

गुलाबचा कायमचा हुकूम माघात आला. 'स्वयंस्फूर्तीने केलेल्या कामाची दखल घेऊन' असे शब्द त्यात होते. रुखमानं तो दोनदा वाचायला लावला आणि शेजारी साखर वाटली. गुलाब खाटेवर बसून होता. त्याला साखर कडू लागली असं काही झालं नाही. साखर गोडच लागली, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

त्याच आठवड्यात एका दुपारी दारात वच्छला उभी राहिली. मोहबोडीत त्या दिवशी गाव पाण्यात उतरला होता. उतरायला काही नव्हतं तरी रीत होती म्हणून उतरला होता. बाईची पहिली टोपली माहेरी जाते, म्हणून ती आली होती. दरवर्षी ती आल्या आल्या पाय धुवायची, रुखमाशी बोलत बसायची. या वेळी उंबऱ्याच्या आत आली नाही.

तिच्या हातात टोपली नव्हती, ओलं पोतं होतं. ते तिनं उंबऱ्यावर ठेवलं. आत काहीतरी वळवळलं आणि पोतं आपोआप थोडं पुढं सरकलं.

"बाई, आत ये ना," गुलाब म्हणाला.

तिनं कमरेचा एक कागद काढला. भिंतीवरून सोलून काढलेला, मागं भाताची वाळलेली शितं तशीच चिकटलेली. तो तिनं घडी न घालता पोत्यावर ठेवला.

"हा तुया कागद. तिथी बाबासाहेबांच्या खाली त्याची जागा नाई." मग तिनं पोत्याकडे बोट दाखवलं. "आन् हे तुया वाटा. यंदा बोडीत हेच निंगलं. दुसरं काई नाई."

"बाई, माहं चुकलं. मी सांगाले आलो होतो त्या दिवशी. शपथ."

"आला होता," वच्छला म्हणाली. "माह्या हातचा भात बी खाल्ला." ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. आवाज चढवला नाही तिनं.

"त्याले पान्यात टाकाची घाई करू नको, गुलाब. असंच पडू दे. ते मरत नाई. तुले त पह्यल्या दिवसापासून माहीत होतं."